नवव्या दिवशी गावात कोण असतं?

अमेरिकी मिशनऱ्याचा मुलगा रॉबर्ट वाइल्डर याचा जन्म १८६३ साली कोल्हापुरात झाला. पुढे तो अमेरिकेला गेला, प्रिन्स्टनमध्ये शिकला आणि १८८६ च्या जुलैत मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांच्या एका उन्हाळी शिबिराला हजर राहिला. नामवंत प्रवचनकार ड्वाइट मूडी यांनी भरवलेलं हे शिबिर जवळजवळ महिनाभर चाललं. २५१ विद्यार्थी जमले होते. वाइल्डर आणि त्याचे सोबती एकेकाला गाठून बोलत राहिले, एकत्र प्रार्थना करत राहिले आणि शिबिर उठेपर्यंत शंभर जणांनी परदेशी जाऊन सेवा करण्याचा संकल्प केला. त्यातून 'स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट' उभी राहिली. पुढच्या पाच-सहा दशकांत तिच्या प्रेरणेने सुमारे वीस हजार तरुण-तरुणी चीन, आफ्रिका, हिंदुस्थानात गेले. वाइल्डरची बहीण ग्रेस कोल्हापूरला परतली. तरुणांना धर्मकार्यासाठी देशाबाहेर धाडणाऱ्या या मोठ्या चळवळीचं एक मूळ असं पंचगंगेच्या काठी सापडतं.

त्या संकल्पात परतीची तारीख नव्हती. बोटीत पाय ठेवला की माणूस दहा-वीस वर्षांसाठी गेला. पुष्कळदा कायमचाच गेला. आजच्या चर्चच्या तरुण संघाची 'मिशन ट्रिप' आठ-दहा दिवसांची असते, फार तर दोन आठवड्यांची. शनिवारी विमान, सोमवारी मुलांचं शिबिर सुरू, शुक्रवारी समारोप, रविवारी उपासना आणि परतीचा प्रवास. बोटीच्या काळातली निष्ठा विमानाच्या वेळापत्रकात बसवायची तर कुठेतरी काटछाट होणारच. ती कशात झाली आणि तिची किंमत कुणी मोजली, हे तपासायला हवं. या सहलींवर पैसा भरपूर खर्च होतो, पण त्यांच्या केंद्रस्थानी लहान मुलं आहेत, आणि तपासणीचं खरं कारण ते आहे.

मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेचा उगम मोठा हृद्य आहे. महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांमध्येही मे महिन्यात 'व्हीबीएस' भरते. हातवारे करत गायची गाणी, बायबलमधली गोष्ट, कागदकाम, खेळ, खाऊ आणि शेवटच्या दिवशी आई-वडिलांसमोर कार्यक्रम हे सगळं ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांना तोंडपाठ असतं. या शाळेचा एक ठळक आरंभ १८९८ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात झाला. दाटीवाटीच्या चाळी, बाहेरदेशांतून आलेली गरीब कुटुंबं, शाळेला सुट्टी आणि पोरं दिवसभर रस्त्यावर. एका बाप्टिस्ट मंडळीत मुलांचं काम पाहणाऱ्या एलायझा हॉज या बाईंनी जागा शोधली. मिळाला तो बिअरचा गुत्ता! दिवसा तो रिकामा असे. तो भाड्याने घेऊन त्यांनी उन्हाळ्यात रोज मुलांना जमवायला सुरुवात केली.

बाई त्याच शहरातल्या होत्या. सुट्टी संपल्यावरही त्या तिथेच असणार होत्या, आणि पोरांना त्या पुढच्या रविवारी भेटणार होत्या. शिबिराचा हा मूळ साचा घरचा होता. विमानात बसून दुसऱ्या देशी तो फार नंतर गेला.

त्या प्रवासाला १९५७ पासून वेग आला. जॉर्ज व्हर्वर हा विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन पुस्तकांनी भरलेल्या मोटारीतून उन्हाळ्यात मेक्सिकोला गेला. त्यातून पुढे 'ऑपरेशन मोबिलायझेशन' ही संस्था वाढली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी 'यूथ विथ अ मिशन' सुरू केली. विमानप्रवास स्वस्त होत गेला तसे चर्चचे तरुण संघही निघाले. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात अंदाज दिला आहे की, अमेरिकेतल्या चर्चचे सोळा लाख सभासद वर्षाला अशा अल्पकालीन परदेशी सहलींवर जातात. दक्षिण कोरियातल्या आणि ब्रिटनमधल्या मंडळ्याही अशा तुकड्या पाठवतात.

या मुलामुलींच्या मनाबद्दल शंका घेऊ नये. सोळा-सतरा वर्षांची पोरं रविवारी चर्चच्या आवारात लोकांच्या गाड्या धुतात, केक विकतात, काकू-मावश्यांना पत्रं लिहून वर्गणी गोळा करतात. गाणी बसवतात, बाहुल्या शिवतात, रंगीत कागदाचे गठ्ठे बॅगेत भरतात. कुणी समुद्रकिनाऱ्याची सुट्टी सोडून आलेलं असतं. गावात उतरल्यावर पत्र्याच्या शेडखाली शंभर मुलं वाट पाहत असतात. भाषा येत नाही, तरी पाच मिनिटांत चेंडू मध्ये येतो आणि दोन्हीकडची पोरं घामाघूम होतात. हा आनंद खरा असतो. ज्या गावात वर्षभर मुलांसाठी म्हणून काहीच घडत नाही, तिथे चार दिवसांचं शिबिर पुढची कित्येक वर्षं आठवणीत राहतं.

पण त्याच शेडच्या मागे काय चाललंय, तेही पाहावं. पाहुण्यांच्या पोटाला सोसेल असं जेवण रांधायला गावातल्या पाच-सहा बाया पहाटेपासून चुलीपाशी असतात. कुणीतरी आपली खोली रिकामी करून दिलेली असते. पाळकाचा आठवडा विमानतळ, पाण्याच्या बाटल्या, बस आणि आजारी पडलेला एखादा पाहुणा यांतच जातो. आणि सगळ्यांत जास्त भार असतो दुभाष्यावर.

बहुधा ती गावातलीच, शिक्षण चालू असलेली एखादी मुलगी असते. गोष्ट पाहुणा सांगतो, पण पोरांपर्यंत पोचवते ती. पाहुण्याचं वाक्य गावाच्या बोलीत बसवते, परक्या उदाहरणाऐवजी जवळचं घालते, रडणाऱ्या पोराला कडेवर घेते, भांडण सोडवते, कुणाला घरी लवकर जायचंय ते लक्षात ठेवते. संध्याकाळी पाहुणे आपापल्या अनुभवांची साक्ष देतात तेव्हाही तीच बोलत असते, दुसऱ्याचे शब्द. शिबिर पाहुण्यांच्या नावावर जमा होतं. चालवलेलं असतं तिने. हिला पाच दिवसांचं शिबिर स्वतः चालवण्याइतकं प्रशिक्षण, साहित्य आणि थोडं मानधन मिळालं, तर समुद्रापलीकडून वीस जणांनी कशासाठी यायचं? या प्रश्नाला उत्तर आहेही. पण तो विचारल्याशिवाय तिकिटं काढू नयेत.

होंडुरासमध्ये हा प्रश्न आकड्यांत मांडला गेला. १९९८ च्या मिच चक्रीवादळाने तिथली हजारो घरं वाहून गेली. उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या तुकड्या घरं बांधायला गेल्या. कर्ट व्हर बीक हे समाजशास्त्रज्ञ स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत, होंडुरासमध्ये वर्षानुवर्षं राहिलेले आहेत. त्यांनी दोन्ही बाजूंची पाहणी केली आणि २००६ साली निष्कर्ष छापले. पाहुण्यांनी बांधलेल्या घरांतली कुटुंबं आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरांतली कुटुंबं यांच्या आयुष्यात त्यांना काही लक्षणीय फरक आढळला नाही. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर होतं: सुमारे दोन हजार डॉलरचं घर बांधायला येणारी तुकडी प्रवासासकट सुमारे तीस हजार डॉलर खर्च करत होती. आणि गेलेल्यांचं काय झालं? परतल्यावर आपण जास्त दान देतो, जास्त प्रार्थना करतो, असं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी सांगितलं. देणग्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा तशी वाढ फारशी दिसली नाही.

हा अभ्यास कुणा विरोधकाने केला असता तर बाजूला ठेवता आला असता. तो घरच्या माणसाने केला, म्हणून झोंबला.

'वॉशिंग्टन पोस्ट'ने २००८ मध्ये याच विषयावरच्या बातमीत काही उदाहरणं दिली होती. मेक्सिकोतलं एक चर्च एकाच उन्हाळ्यात सहा वेगवेगळ्या तुकड्यांनी सहा वेळा रंगवलं. ब्राझीलमधल्या एका अनाथाश्रमात मुलांच्या फुटबॉलच्या मैदानावर पाहुण्यांनी भिंत बांधली. ते गेल्यावर ती पाडावी लागली. यजमानांनी 'नको' का म्हटलं नाही, असं कुणी विचारेल. दारी आलेल्या पाहुण्याला नको म्हणणं ज्यांच्या संस्कृतीत बसत नाही, आणि पुढच्या वर्षीची मदत ज्या पाहुण्यावर अवलंबून आहे, त्यांनी नको कसं म्हणायचं? आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत शहरातून येणाऱ्या मंडळांचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. भिंतीवरचा रंग निदान कुणाला इजा करत नाही. मुलांच्या बाबतीत तेवढीही सूट नाही.

एका गोष्टीवर तर स्पष्ट आणि ठाम भूमिका घ्यायला हवी. अनाथाश्रमातली शिबिरं बंद व्हावीत. लिंडा रिश्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संदर्भात दाखवून दिलं की, संस्थेत वाढणारी लहान मुलं येणाऱ्या प्रत्येक परक्याला चटकन बिलगतात. पाहुण्यांना ते प्रेम वाटतं. मुळात ती तुटलेल्या नात्यांची खूण असते. दर पंधरवड्याला नवा माणूस जीव लावतो आणि निघून जातो, तेव्हा तीच जखम पुन्हा उघडते. दुसरा परिणाम बाजाराचा. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत निवासी बालसंस्था ७५ टक्क्यांनी वाढल्या आणि त्यांतल्या चारपैकी जवळपास तीन मुलांची आई किंवा वडील हयात होते, असं युनिसेफच्या मदतीने झालेल्या अभ्यासातून २०११ साली पुढे आलं. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहतात, म्हणून गरिबाघरची मुलं 'अनाथ' म्हणून गोळा केली जातात. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने हा व्यवहार मुलांच्या तस्करीचाच एक प्रकार म्हणून चर्चेत आला. जगभरच्या चर्चच्या तरुण संघांनी निदान एवढं एक नाव आपल्या कार्यक्रमपत्रिकेतून आजच खोडावं.

उत्साहाला स्थानिक माणसाचा लगाम नसला की तो कुठवर जातो, हे हैतीत दिसलं. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या बाप्टिस्ट मंडळ्यांचे दहा जण तिथे पोचले आणि महिना संपायच्या आत ३३ मुलांना घेऊन डॉमिनिकन रिपब्लिकच्या हद्दीकडे निघाले. आवश्यक कागदपत्रं नव्हती. सीमेवर त्यांना अटक झाली. बहुतेक मुलांचे आई-बाप जिवंत असल्याचं मग उघड झालं. आपण मुलांना वाचवतो आहोत, असं त्या दहांपैकी बहुतेकांना मनापासून वाटत असणार, यात शंका नाही. म्हणूनच हा प्रसंग कुठल्याही चर्चच्या तयारीच्या बैठकीत सविस्तर सांगितला पाहिजे.

त्याआधी १९ जुलै २००७ रोजी दक्षिण कोरियातल्या बुंदांग इथल्या सेम्मुल चर्चचे २३ जण अफगाणिस्तानात काबूलहून कंदाहारकडे बसने जात असताना तालिबानने त्यांना पळवलं. त्यांत सोळा स्त्रिया होत्या. बहुतेक जण तरुण, सेवेसाठी थोड्या दिवसांकरता आलेले. त्यांचे नेते असलेले पाळक आणि आणखी एक तरुण मारले गेले; उरलेल्यांची सुटका व्हायला ऑगस्टअखेर उजाडली. कोरियात मोठा वादंग झाला. शोकाबरोबर संतापही होता, कारण सरकारने प्रवासाबद्दल आधी इशारे दिले होते. धोका पत्करण्याचा हक्क प्रौढ माणसाला आहे. पण युद्धभूमीवर परकी तुकडी पकडली जाते तेव्हा तिच्यासोबत काम करणारे, तिला घरात ठेवून घेणारे स्थानिक लोकही संशयाच्या फेऱ्यात येतात, आणि त्यांच्या सुटकेसाठी कुठलं सरकार वाटाघाटी करत नाही.

मग या सहली बंदच कराव्यात का? नाही. जगाकडे पाहण्याची नजर सतराव्या वर्षी जितकी बदलते, तितकी सत्तेचाळिसाव्या वर्षी बदलत नाही. अनेकांच्या आयुष्यभराच्या कामाची सुरुवात अशा एका उन्हाळ्याने झाली आहे. व्हर्वर यांचीही मेक्सिकोच्या त्या मोटारीतच झाली. पण जाणारा घडतो, हे या सहलींचं नेहमी पुढे केलं जाणारं समर्थन आहे, आणि ते अपुरं आहे. दुसऱ्या देशातल्या गरिबाचं मूल हे आपल्या मुलाच्या घडणीचं साहित्य नव्हे. शिबिर चांगलं झालं की नाही, हे नवव्या दिवशी पाहावं. बस निघून गेलेली असते, फुगे फुटलेले असतात आणि मुलगा शेडपाशी येतो. तिथे त्याला ओळखणारं कुणी असतं का?

मध्य युरोपात या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर घडलं आहे. चेकोस्लोव्हाकियात १९८९ पर्यंत शाळांत रशियन सक्तीची होती. कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि इंग्रजी शिकायची ओढ एकदम उसळली. १९९३ पासून तिथे काम करणाऱ्या 'जोसाया व्हेंचर' या संस्थेने ही गरज ओळखली आणि इंग्रजीची उन्हाळी शिबिरं हा कामाचा कणा केला. आजचं चेक प्रजासत्ताक तसं धर्माला पाठमोरं; २०२१ च्या जनगणनेत जवळजवळ निम्म्या लोकांनी आपला कुठलाच धर्म नसल्याचं नोंदवलं. शिबिराचं यजमानपद स्थानिक चेक मंडळीकडे असतं. अमेरिकी चर्चची तुकडी तिच्या बोलावण्यावरून येते आणि जे चेक लोकांना सहज करता येत नाही तेवढंच करते: जन्मभाषा म्हणून इंग्रजी बोलते, शिकवते. शिबिरात येणाऱ्या शाळकरी मुलांच्या मैत्र्या जमतात त्या मंडळीतल्या चेक तरुणांशी, आणि सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्यावर तेच तरुण त्यांना गावात भेटतात. इथे पाहुण्याला कारण आहे, मर्यादा आहे आणि वर यजमान आहे. तुकड्याही पुष्कळदा त्याच गावी पुन्हा जातात; तिसऱ्या वर्षी त्यांना मुलांची नावं पाठ असतात.

२०२० च्या उन्हाळ्यात करोनामुळे युरोपीय संघाने अमेरिकी प्रवाशांना दारं बंद केली. पाहुण्यांवाचून शिबिरं होतील का, याची ती आपसूक घडलेली परीक्षा होती. जिथे यजमान मुळात स्थानिक होते, तिथे शिबिरं झाली.

आता श्रद्धेचा प्रश्न. तो टाळून या विषयावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. चर्चचं शिबिर आहे म्हटल्यावर तिथे येशूची गोष्ट सांगितली जाणार. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि ते लपवूही नये. इंग्रजीच्या किंवा खेळाच्या नावाखाली मुलांना जमवायचं आणि धर्माचं काही आई-बापांना कळू द्यायचं नाही, हे मात्र चुकीचं आहे. सोळा वर्षांच्या पाहुण्याने आठ वर्षांच्या मुलाकडून गाण्याच्या भरात हात वर करून घ्यायचा आणि तो आकडा परतल्यावर अहवालात लिहायचा, हे त्याहून चुकीचं. त्या हाताला काय अर्थ आहे, हे त्या मुलाला ठाऊक नसतं आणि पाहुण्यालाही नसतं.

हा वाद मुंबईने १८४३ मध्येच पाहिला आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा दहा-बारा वर्षांचा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला. वडील न्यायालयात गेले. न्यायालयाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. पुढे त्याला जातीत परत घेण्यावरून शहर ढवळून निघालं आणि बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करून त्याच्या शुद्धीसाठी खटपट केली. नारायणाने स्वतःच्या समजुतीने निवड केली आणि तो पुढे नामवंत धर्मोपदेशक झाला. श्रीपतच्या वाट्याला मात्र त्या वयात मोठ्यांची ओढाताण आली. मिशनच्या माणसांनी आणि समाजाच्या पुढाऱ्यांनी, दोघांनीही, त्या पोराच्या जागी उभं राहून पाहायला हवं होतं. आजच्या शिबिरांना त्यातून घेण्यासारखं बरंच आहे: पालकांची लेखी परवानगी, कार्यक्रमाची उघड माहिती, आणि मुलाच्या श्रद्धेबद्दलचा निर्णय त्याच्या मोठेपणावर आणि घरावर सोडण्याचा संयम. यजमान देशाचा कायदाही पाळलाच पाहिजे. नेपाळमध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे. भारतात पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही, त्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा लागतो. पर्यटक म्हणून फॉर्म भरायचा आणि प्रार्थनासभा घ्यायच्या, हे पाहुण्याला फार तर परतीच्या विमानापर्यंत नेतं. मागे राहिलेल्या स्थानिक मंडळीला त्याचा ताप पुढे अनेक महिने सोसावा लागतो.

कुणी म्हणेल, जुने मिशनरी तरी कुठे निर्दोष होते? नव्हतेच. इथल्या धर्मांवर त्यांनी केलेली टीका कित्येकदा कठोर आणि अज्ञानाची होती. पण त्यांच्याजवळ आजच्या तुकड्यांना नसलेली एक गोष्ट होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचं सरकार त्यांना परत धाडायला निघालं होतं. ते टिकले आणि मराठी शिकायला बसले. हॉल मुंबईच्या रस्त्यांत मराठीत बोलू लागला. नव्या कराराच्या मराठी भाषांतरात त्याचा मोठा हात होता. १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेत पटकीने त्याला गाठलं. वय जेमतेम बेचाळिशीचं. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ च्या डिसेंबरात मुंबईत आली, पुढे अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. चौतीस वर्षं तिने मुलींच्या शाळा चालवल्या. तिची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शिक्षणाचा विचार पक्का झाला, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या प्रशिक्षणाशीही तिचं नाव जोडलं जातं. फरारबाईंच्या कामाचं सगळ्यांत मोठं फळ असं त्यांच्या मंडळीच्या बाहेर, पुण्यातल्या भिडेवाड्यातल्या फुल्यांच्या मुलींच्या शाळेत दिसलं. आठ दिवसांत हे घडत नाही.

आजच्या कॉलेजातल्या मुलीने चौतीस वर्षं द्यावीत, अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण जाण्याआधी सहा महिने त्या गावची भाषा शिकणं तिच्या आवाक्यात आहे. दोनशे शब्द आले तरी शिबिराचं चित्र पालटतं. पोरं तिचे उच्चार दुरुस्त करतात, तिला हसतात आणि थोडा वेळ शिक्षक होतात.

बाबा आमट्यांनी १९६७ पासून चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला मे महिन्यात भरवलेल्या श्रमसंस्कार छावणीचं मर्मही हेच होतं. तिथे येणारी शहरी पोरं कुणाचा उद्धार करायला येत नसत. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी कसलेल्या शेतावर, त्यांनी नेमून दिलेल्या कामाला ती उन्हात जुंपून घेत. यजमान कोण आणि शिकाऊ कोण, याबद्दल संभ्रम नव्हता. चर्चच्या तरुण संघांना परदेशात जायचं तर असं जाता येईल: स्थानिक शिबिरप्रमुखाच्या हाताखाली, त्याने सांगितलेलं काम करायला, मग ते भांडी घासण्याचं असो वा मैदान आखण्याचं. गोष्ट सांगायचा मान गावच्या मुलीचा.

चर्चच्या कार्यकारी मंडळांनाही काही करता येईल. तुकडीच्या विमानभाड्याइतकीच रक्कम यजमान मंडळीच्या वर्षभराच्या बालकार्यासाठी बाजूला काढावी. वीसऐवजी आठ जण पाठवले तर हे अवघड नाही. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची पूर्वपडताळणी व्हावी, कुणीही प्रौढ मुलाबरोबर एकटा राहू नये, मुलांचे फोटो परवानगीशिवाय कुठेही टाकू नयेत. घरच्या शिबिरात जे नियम पाळले जातात ते परदेशातल्या मुलांनाही लागू आहेत. आणि दोन-तीन वर्षांतून एकदा उलटी फेरी व्हावी: तिकडच्या शिबिरप्रमुखांना आपल्याकडे बोलवावं, आपल्या मुलांचं शिबिर त्यांना चालवू द्यावं. गरीब देशातला माणूस आपल्या पोरांना काही शिकवतो आहे, हे दृश्य श्रीमंत मंडळीतल्या तरुणांनी पाहिलंच पाहिजे.

जुलैच्या सहलीची आखणी बहुधा जानेवारीत सुरू होते. तारखा ठरतात, टी-शर्टचा रंग ठरतो, मग यजमानांना कळवलं जातं. हा क्रम उलटा करावा. पहिलं पत्र यजमान मंडळीला जावं, तेही तिथल्या भाषेत, आणि त्यात तीनच गोष्टी विचाराव्यात: यंदा आम्ही यावं असं तुम्हाला वाटतं का, आलो तर कुणाच्या हाताखाली काम करायचं, आणि न येता आम्ही काय पाठवू शकतो. उत्तराला महिना लागला तर थांबावं. उत्तर 'यंदा नको' असं आलं, तर गाड्या धुऊन जमवलेली वर्गणी त्या दुभाषी मुलीच्या प्रशिक्षणासाठी आणि शिबिराच्या खाऊसाठी पाठवून द्यावी, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा विचारावं.